उथळ पाण्यातले सरखेल

बोट गाळात रुतली की माणूस काय करतो, याचे मी पुरेसे निरीक्षण केले आहे, कारण आमच्या सरखेलांच्या बोटीत मी अनेकदा बसले. सर्वसाधारण माणूस प्रथम उभा राहतो, ही त्याची पहिली चूक. मग तो वल्ह्याने तळाला जोरजोरात ढोसतो, ही दुसरी. त्यामुळे बोट अधिकच रुतते आणि तो जवळच्या माणसावर ओरडतो. सरखेल यांतले काहीही करीत नसत. बोटीखाली तो ओळखीचा, खरवडल्यासारखा आवाज झाला की ते वल्ही उचलून आडवी ठेवत, चष्मा पुसत आणि स्थानकावरच्या घोषणेइतक्या निर्विकार स्वरात सांगत, "टेकलो." त्यानंतर फळीखालून थर्मास निघे. "आधी चहा. मग विचार. मग हालचाल," हा त्यांचा क्रम होता आणि तो कधी बदलत नसे. मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवण्यात आयुष्य घालवले. क्रम पाळणाऱ्या माणसांविषयी मला आदर आहे, मग ती माणसे गाळात बसलेली का असेनात.

त्यांचे खरे नाव भालेराव. पाटबंधारे खात्यात ते उपअभियंता होते. बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत ते पहिल्या मजल्यावर राहत आणि मी त्यांच्या बरोबर वर. शहराला एकाएकी घाई झाली होती, तो हा काळ. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीला खेटून संगणकाचे वर्ग निघाले होते, स्कूटरींच्या जागी मोटारी येत होत्या आणि जिन्यात भेटणाऱ्या मुलांच्या तोंडी 'प्रोजेक्ट' आणि 'ऑनसाइट' हे शब्द बसले होते. नेमक्या अशा वेळी भालेरावांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. आता सल्लागार होणार की जमिनींच्या व्यवहारात पडणार, असे लोकांनी विचारले. ते म्हणाले, "बोट बांधणार." सोसायटीचे सेक्रेटरी त्यावर तत्काळ म्हणाले, "बांधा. दोरीनं घट्ट बांधा. पुण्यात समुद्र नाही, पण वारा असतो."

त्यांची मुलगी प्रज्ञा माझी विद्यार्थिनी. ती तेव्हा नुकतीच एका संगणक कंपनीत लागली होती. सपाट तळाच्या लहान बोटीचे नकाशे तिने इंटरनेटवर शोधून छापून आणले. मग भालेरावांनी रविवार पेठेत आणि मंडईमागच्या दुकानांत फिरून प्लायवूड, पितळी स्क्रू, पाण्यात न सुटणारा डिंक आणि काथ्याची दोरी जमवली, आणि पार्किंगमधल्या आपल्या जागेत काम सुरू केले. त्यांना मोटार नव्हती. जागा मात्र नियमाने मिळालेली होती. काही महिन्यांत त्या जागेत बोटीचा सांगाडा उभा राहिला आणि त्याचे टोक शेजारच्या जागेत डोकावू लागले. लवकरच फलकावर सेक्रेटरींच्या वळणदार अक्षरात सूचना झळकली: 'पार्किंगमध्ये केवळ जमिनीवर चालणारी वाहने लावावीत.' भालेरावांनी ती शांतपणे वाचली. पुढच्याच रविवारी त्यांनी बोटीच्या मागच्या बाजूला सायकलची दोन चाके बसवली, ती सेक्रेटरींच्या दारापर्यंत ढकलत नेली आणि म्हणाले, "चालते." मराठ्यांच्या आरमाराच्या प्रमुखाला सरखेल म्हणत. हा किताब सेक्रेटरींनीच त्यांना त्या दिवशी बहाल केला. हेतू उपहासाचा होता, परंतु भालेरावांनी तो इतक्या प्रसन्नतेने स्वीकारला की उपहास जागच्या जागी विरला.

बोटच का, हे मी त्यांना एकदा विचारले होते. ते तळाला रंगाचा दुसरा हात देत होते. ब्रश न थांबवता ते म्हणाले, "बाई, माझ्या आजोबांना गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते. वडलांनी दीक्षा घेतली, गाव सोडलं, खडकीच्या कारखान्यात लागले. मी शिकलो आणि सबंध धरणाचं पाणी सोडायला लागलो. आता फक्त पाण्यात आरामात बसायचं राहिलंय. तेवढं झालं की आमच्या घराण्याचं पाण्याचं काम पूर्ण." एवढे बोलून त्यांनी मला ब्रश दिला आणि उरलेला कोपरा रंगवायला लावला. या विषयावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत, आणि मला पुन्हा विचारण्याची गरजही वाटली नाही.

बोटीचे नाव त्यांनी 'स्वेच्छा' ठेवले. जुन्या खात्यातून रीतसर परवानगी काढून, रविवारी सकाळी टेम्पोवर बोट चढवून ते खडकवासल्याच्या बॅकवॉटरला जात. बरोबर त्यांच्या पत्नी सुमनवहिनींचा डबा आणि सोसायटीतले कोणीतरी असे. येथे थोडे समजावून सांगितले पाहिजे. धरणाच्या मागचे पाणी भिंतीपाशी खोल असते, परंतु फुगवट्याच्या कडेला ते अतिशय सावकाश उथळ होत जाते. त्याखाली वर्षानुवर्षे साचलेला मऊ गाळ असतो. वरून पाहणाऱ्याला दोन्हीकडचे पाणी सारखेच दिसते. हे सर्व सरखेलांना माझ्यापेक्षा चांगले माहीत होते. तरीही ते जवळजवळ प्रत्येक वेळी टेकत, कारण वल्हवताना त्यांचे लक्ष पाण्यावर नसून गप्पांवर असे. प्रज्ञा काठावरून ओरडे, "बाबा, परत हँग झालात का?" त्यावर ते वल्हे उंच करून होकार देत.

पुढे पुढे 'टेकलो' हा शब्द आमच्या सोसायटीत रूढ झाला. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली की आतून हाक येई, "टेकलो." गणिताच्या पेपरात अडलेली मुले घरी येऊन तेच सांगत. खुद्द सेक्रेटरी एकदा कुतूहलाने बोटीत बसले आणि अर्थातच टेकले. चहाचा घोट घेऊन ते म्हणाले, "सरखेल, तुमच्या आरमाराचा एक गुण मात्र मान्य केला पाहिजे. बुडण्याइतक्या पाण्यात ते कधी जातच नाही." सरखेल म्हणाले, "म्हणून तर तुम्हाला बसवलं."

या हसण्याखेळण्यात एक गंभीर गोष्ट येऊन ठाकली. प्रज्ञाने आपल्या कचेरीतल्या सुहास नावाच्या मुलाशी लग्न करायचे ठरवले. सुहास लोणी काळभोरचा. घरी ऊस, भाजीपाला, गोठा, मोठे घर आणि त्याहून मोठी भावकी. त्याच्या आईची ना नव्हती, परंतु शेवटचा शब्द वडिलांचा, म्हणजे आप्पांचा होता. आणि आप्पा 'हो'ही म्हणत नव्हते आणि 'नाही'ही. ते म्हणत, "बघू." कंपनी दोघांना पावसाळ्यानंतर परदेशी पाठवणार होती आणि लग्न त्याआधी व्हायला हवे होते. नोंदणी पद्धतीने लग्न करून मोकळे व्हा, असे मित्रांनी सुचवले. प्रज्ञा माझ्याकडे येऊन बसली आणि म्हणाली, "बाई, सही करायला पाच मिनिटं लागतील. पण मग सुहासला त्याच्या घरात जाताना आयुष्यभर चोरासारखं जावं लागेल. मला ते नकोय. आप्पा समोर बसलेले हवेत." तिचा स्वर नेहमीचाच होता. मात्र बोलता बोलता तिने माझ्या टेबलावरचा पृथ्वीचा गोल फिरवायला घेतला होता आणि तो थांबू देत नव्हती.

सरखेल एकदा लोणीला जाऊनही आले होते. त्यांना ओसरीवर बसवले, चहा दिला, पाऊसपाण्याची चौकशी केली आणि तेथूनच निरोप दिला. घरात या, असे कोणी म्हटले नाही. परत आल्यावर मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "पाणी उथळ आहे, बाई. पण तळ दिसत नाही." मग बराच वेळ बोटीची दोरी गुंडाळत राहिले. शेवटी म्हणाले, "आता मी त्यांच्या ओसरीवर जाणार नाही. त्यांना माझ्या ओसरीवर बोलावतो."

ती ओसरी म्हणजे 'स्वेच्छा'. सुहासने आप्पांना बोट दाखवण्याच्या निमित्ताने आणायचे ठरले. उन्हाळ्यात बॅकवॉटरमध्ये एक लहानसे बेट उघडे पडते. तेथे बसून शांतपणे बोलावे, अशी सरखेलांची योजना होती. तिऱ्हाईत माणूस म्हणून मी बोटीत असावे, असे दोन्ही बाजूंनी मान्य झाले. या वेळी टेकायचे नाही, असा सरखेलांचा निश्चय होता. आदल्या रविवारी त्यांनी बांबूने पाणी मोजत मार्ग आखला आणि खोल पाण्याच्या कडेला लाल फडकी बांधलेल्या काठ्या रोवल्या. इतकी शिस्तशीर तयारी मी शिक्षण खात्याच्या तपासणीच्या वेळीही पाहिलेली नाही.

त्या रविवारी आप्पा आले ते पांढऱ्याशुभ्र कडक कपड्यांत, डोक्याला फेटा आणि पायांत नवे बूट. माणूस भरदार, बोलणे तोलून मापून. बोटीकडे चहूबाजूंनी पाहून ते म्हणाले, "लाकूडकाम सुबक हाय." मग आम्ही तिघे निघालो. काठावर सुमनवहिनी, प्रज्ञा आणि सुहास डबा घेऊन उभे राहिले. सरखेल त्या दिवशी गप्पा मारत नव्हते. लाल फडक्यांवर नजर ठेवून ते ऐटीत, भरभर वल्हवत होते. आपण कसे वल्हवतो हे आप्पांना दिसावे, अशीही त्यांची इच्छा असावी. बेट हाकेच्या अंतरावर आले आणि बोटीखाली खर्रकन आवाज झाला. आम्ही तिघेही पुढे झुकलो. बोटीचे नाक गाळावर चढले होते. सरखेलांनी वल्ही आडवी ठेवली, चष्मा पुसला. पुसून झाला तरी ते तो पुन्हा पुसत राहिले. अखेर ते हळूच म्हणाले, "टेकलो."

क्रमाने चहा निघाला. आप्पांनी पेला हातात घेतला आणि बोटीच्या पुढे उभ्या असलेल्या काठीकडे पाहत विचारले, "ही काठी कशापायी?"

"तिथपर्यंत खोल पाणी आहे, याची खूण."

आप्पांनी नीट पाहिले. काठी बुंध्यापर्यंत उघडी होती आणि तिच्या पायाशी एक बगळा चिखलात उभा होता. "मग पाणी कुठं गेलं?"

सरखेलांनी वाकून पाण्यात हात घातला. मी त्यांच्याकडे पाहिले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडत होते. "कालवा," ते म्हणाले. "उन्हाळी आवर्तन सुटलंय." आवर्तन म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पाळी. ज्या माणसाने उभ्या नोकरीत या पाळ्या लावल्या, तो नेमका हिशेबात पाळी धरायला विसरला होता.

"सुटलंय की," आप्पा म्हणाले. "परवाच आमच्या उसाला पाणी फिरलं."

खडकवासल्याचा उजवा कालवा पुण्यातून हडपसर, लोणी काळभोर करीत पुढे जातो. नकाशावर तो मी मुलांना कितीदा दाखवला असेन! त्या क्षणी आम्ही तिघांनीही मनात तीच रेषा काढली. सरखेल सावकाश म्हणाले, "म्हणजे आपल्याखालचं पाणी तुमच्या उसानं प्यायलं."

आप्पांच्या मिशा हलल्या. मग पोट हलले. मग सगळी बोट हलू लागली. त्यांचे हसू ओसरेपर्यंत माझ्या पेल्यातला निम्मा चहा मांडीवर सांडला होता. डोळे पुसून त्यांनी विचारले, "पाळ्यांचं ते कागद तुमच्या हापिसातनं निघायचं व्हय?"

"निघायचे. सही माझी असायची."

"लई शिव्या दिल्यात वं तुम्हाला. नाव ठावं नव्हतं. सायबाला म्हणून दिल्यात."

"पोचत होत्या," सरखेल म्हणाले. "थोड्या उशिरा. कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी पोचतं, तशा."

यानंतर बोलणे सैल झाले. पाण्याच्या पाळ्या, रात्री उसाला पाणी देताना दारे धरणे, मुलांच्या कंपन्यांतले वातानुकूलित थंडगार वातावरण आणि त्यांना होणारी सर्दी, असे विषय झाले. मुले दिवसभर खुर्चीत बसून नेमके काय करतात, हे दोघांपैकी एकालाही सांगता येईना, हे कळल्यावर दोघांनाही बरे वाटले. मग आप्पा आपण होऊन मूळ मुद्द्यावर आले. "पोरगी गुणाची हाय, त्यात वाद न्हाई. पर भावकी. उद्या पारावर बसायचं हाय मला."

सरखेलांनी आजूबाजूला पाहिले. "इथे आपण तिघं आहोत आणि बगळे आहेत. तुम्हाला स्वतःला काय वाटतं, ते सांगा."

आप्पा बगळ्यांकडे पाहत राहिले.

चहा झाला, विचार झाला, आता हालचालीची वेळ होती. आम्ही तिघेही मागच्या फळीवर सरकलो. नाक किंचित उचलले गेले, बोट थोडीशी मागे घसरली आणि पुन्हा बसली. माझा शिक्षकी स्वभाव उफाळून आला. पाणी गुडघाभरच आहे, एक वजनदार माणूस खाली उतरला तर बोट आपोआप तरंगेल, असे मी स्पष्ट केले आणि मी स्वतः उतरते म्हणाले. "बाई, तुम्ही बसा," असे दोघेही एकदम म्हणाले. माझे वजन अपुरे होते, हेही खरेच. राहिले ते दोघे. दोघेही अंगाने सारखे आणि दोघेही स्वच्छ कपड्यांत.

आप्पा अर्धवट थट्टेत म्हणाले, "रीत तर जुनीच हाय. पोरीच्या बापानं खाली उतरायचं."

सरखेल हसले नाहीत. इतक्या वर्षांत मी त्यांना प्रथमच असे ताठ बसलेले पाहिले. "म्हणूनच मी उतरणार नाही, आप्पा," ते म्हणाले. "एरवी कधीच उतरलो असतो. आज नाही. बोट पावसाळ्यापर्यंत इथेच राहिली तरी चालेल."

काठावर सुमनवहिनींनी डबा उघडला आणि पुन्हा बंद केला. सुहास पँट दुमडून पाण्याकडे निघाला होता. प्रज्ञाने त्याचा हात धरून त्याला थांबवलेले मला दिसले. तिला आमचे शब्द ऐकू गेले होते की नाही, कोण जाणे. उथळ पाण्यावरून आवाज लांबवर जातो, एवढे मात्र खरे. मी माझ्या रिकाम्या पेल्याच्या तळाकडे पाहत होते आणि पुढच्या वाक्याची वाट पाहत होते, कारण या लग्नाचे काय होणार हे त्या वाक्यावर ठरणार होते.

वाक्य आले नाही. आधी नव्या बुटाची लेस सुटली. आप्पांनी एक बूट काढला, मग दुसरा, दोन्ही फळीवर नीट जोडून ठेवले आणि आत मोजे खोचले. धोतराचा सोगा वर खोवत, सरखेलांकडे न पाहता ते म्हणाले, "त्या दिवशी तुम्हाला वसरीवरनंच लावून दिलं. ते बरं न्हाई झालं." आणि ते पाण्यात उतरले.

बोट हलक्या उडीसारखी वर आली. माझे गणित बरोबर ठरले होते, परंतु त्या आनंदात राहायला मला वेळच मिळाला नाही. आप्पांचा एक पाय गाळात गुडघ्यापर्यंत गेला, दुसरा उचलेना, आणि तो भरदार देह फेट्यासकट कलू लागला. आपले तारू कप्तानाने सोडायचे नसते, हा नियम सरखेलांनीच आम्हाला शिकवला होता. त्या माणसाने चष्मा माझ्या मांडीवर टाकला आणि पायांतल्या चपलांसकट थेट उडी मारली. चिखलाचे शिंतोडे बेटापर्यंत गेले असतील. दोघेही आता कमरेइतक्या गोंधळात होते. एक पाय काढला की दुसरा जाई.

"हात द्या, इवाई," आप्पा ओरडले. "न्हाईतर दोघंबी जातो."

व्याह्याला त्यांच्याकडे इवाई म्हणतात. सरखेलांनी हात दिला. काठावर सुमनवहिनींच्या हातातला डबा खाली पडल्याचा आवाज आला. प्रज्ञा गुडघे टेकून तेथेच बसली. ती रडत होती की हसत होती हे इतक्या अंतरावरून मला सांगता येणार नाही. सुहास मात्र धावत पाण्यात शिरला आणि चार पावलांतच स्वतःही रुतला.

या सर्व सोहळ्यात माझ्याकडे कोणाचेही लक्ष नव्हते. बोटीतून माणूस उडी मारतो तेव्हा बोट विरुद्ध दिशेला ढकलली जाते, हे उदाहरण विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात दिलेले असते. मी ते त्या दिवशी प्रत्यक्ष अनुभवले. 'स्वेच्छा' मला, दोन वल्ह्यांना, एका चष्म्याला आणि आप्पांच्या नव्या बुटांना घेऊन वाऱ्याबरोबर निघाली. मी आयुष्यात कधी वल्हे हाती धरले नव्हते. प्रज्ञा भानावर येऊन ओरडू लागली, "बाई, उलटं वल्हवा, उलटं." मी उलटे वल्हवले आणि बोट स्वतःभोवती फिरली. एक गिरकी घेऊन ती सावकाश बेटाच्या दुसऱ्या अंगाला जाऊन लागली. खालून खरवडल्याचा आवाज आला. मी वल्ही आडवी ठेवली, आसपास कोणी नाही याची खात्री करून घेतली आणि मोठ्याने म्हणाले, "टेकले." मग थर्मासमध्ये उरलेला चहा एकटीने प्यायले. तो क्रम का पाळायचा असतो, हे मला तेव्हा कळले. चहा संपेपर्यंत वारा कोणत्या बाजूचा आहे, हे मी पाहून ठेवले होते.

लग्न दोन ठिकाणी झाले. बिबवेवाडीत वंदना घेऊन, पांढऱ्या कपड्यांत, साधेपणाने. आणि लोणीला वरात, जागरण-गोंधळ आणि सगळ्या भावकीला जेवण. पारावर आप्पांना कोणी काही विचारले असेलच. काय उत्तर दिले, असे मी एकदा चाचपून पाहिले, तर ते म्हणाले, "म्हनलं, सायबानं पाणी दिलं, आमी पोरगा दिला. फिटलं." आमच्याकडे जेवणावळ पार्किंगमध्ये होती. त्यासाठी मोटारी रस्त्यावर लावायच्या होत्या आणि सेक्रेटरींची सूचना अशी होती: 'बोट हलवली जाणार नाही. पाहुण्यांनी तिच्याभोवती बसावे.' बोटीत बर्फ भरून त्यात मठ्ठ्याची पातेली ठेवली होती. वाढणाऱ्या मुलांच्या मागे सरखेल वल्हे घेऊन उभे होते.

मुले परदेशी गेली. इकडे दोन व्याही एकमेकांना सापडले. रविवारी लोणीहून आप्पा येत, टेम्पो भरला जाई आणि दोघे बॅकवॉटरला जाऊन टेकत. आता ते चुकून टेकत नाहीत, अशी मला शंका येऊ लागली होती. मी विचारल्यावर सरखेल म्हणाले, "खोल पाण्यात माणूस पोहण्याचा विचार करतो, बाई. उथळ पाण्यात बोलण्याचा." शाळेतल्या सभांमध्ये वादावादी वाढली की मी फाइल बंद करून शिपायाला चहा सांगू लागले. मुख्याध्यापिका म्हणून माझे जे काही बरे नाव झाले, त्यातले निम्मे श्रेय त्या थर्मासचे आहे.

सरखेल गेले ते एका शनिवारी, दुपारच्या झोपेत. दुसऱ्या दिवसासाठी बोटीची दोरी त्यांनी दाराशी गुंडाळून ठेवली होती. तोवर प्रज्ञा आणि सुहास लेकीला घेऊन परत आले होते. महिन्याभराने आप्पा टेम्पो घेऊन आले आणि 'स्वेच्छा' लोणीला गेली. ती फाटकातून बाहेर पडेपर्यंत सेक्रेटरी रस्त्यावर उभे राहून, हात दाखवून, स्वतः मोटारी थांबवत होते. आमच्या सोसायटीत आता मोटार लावण्यावरून भांडणे होतात. तरी ती एक जागा अजून कोणाला दिलेली नाही. विचारणाऱ्याला सेक्रेटरी तुटकपणे सांगतात, "आरमारासाठी राखीव."

मागच्या हिवाळ्यात आप्पांनी मला मुद्दाम बोलावून घेतले. मला ओसरीवर थांबावे लागले नाही. त्यांच्या सुनेने, म्हणजे आमच्या प्रज्ञाने, सरळ स्वयंपाकघरात नेले. जेवणानंतर आप्पा काठी टेकत शेततळ्याकडे घेऊन गेले. उसाच्या कडेला कालव्याच्या पाण्याने भरलेले तळे होते आणि त्यात 'स्वेच्छा' डुलत होती. नव्या निळ्या रंगातली, मागची चाके तशीच. शेततळ्याच्या कडा सरळ, उभ्या उताराच्या असतात आणि सगळीकडून ताडपत्रीसारखा जाड कागद अंथरलेला असतो. येथे मात्र एका बाजूची कड फोडून मातीचा लांबच लांब, सावकाश उतार केलेला होता. तळ्याच्या रचनेच्या दृष्टीने ते चुकीचे होते. त्यामुळे पाणी मुरते. मी तसे म्हटलेही.

"मुरू द्या," आप्पा म्हणाले. त्यांच्या नातीने आम्हा दोघांना हात देऊन बोटीत बसवले आणि वल्ही घेतली. तिने एक फेरी मारली आणि बोट त्या उताराकडे वळवली. खालून खर्रकन आवाज झाला. तिने वल्ही आडवी ठेवली आणि आजोबांकडे पाहिले.

"टेकलो," आप्पा म्हणाले, आणि फळीखालून सरखेलांचा थर्मास काढला. "टेकल्याबिगर चहाला चवच न्हाई, बाई."